शोभिवंत माशांचे आजार : औषधाआधी पाणी

शोभिवंत माशांच्या दुकानात जाऊन ‘मासा सुस्त झाला आहे’ एवढे सांगितले, तरी निळ्या किंवा हिरव्या औषधाची छोटी बाटली हातावर ठेवली जाते. त्या बाटलीत बहुधा मेथिलीन ब्लू किंवा मॅलाकाइट ग्रीन असते आणि ही दोन्ही द्रव्ये आपापल्या जागी उपयुक्त आहेत. परंतु आजार कोणता आहे, टाकीत नेमके किती लिटर पाणी आहे आणि त्या पाण्याची अवस्था काय आहे, हे ठाऊक नसताना घातलेले औषध माशाला बरे करण्याऐवजी टाकीच बिघडवते. मेथिलीन ब्लू रोगजंतूंबरोबर फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंनाही मारते. म्हणजे आधीच आजारी असलेल्या माशाच्या पाण्यात अमोनिया वाढण्याची सोय आपणच करून देतो. पुढील विवेचन घरातील गोड्या पाण्याच्या, साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या टाकीपुरते आहे. गप्पी, मॉली, एंजल, टेट्रा, गुरामी, फायटर, ऑस्कर, डिस्कस हे आपल्याकडे सर्रास पाळले जाणारे मासे त्यात येतात.

पाणी तपासल्याशिवाय निदान नाही

मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न, विष्ठा आणि कुजणारी पाने यांतूनही अमोनियाच तयार होतो. फिल्टरमधील जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरा गट नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेशा संख्येने रुजण्यास चार ते सहा आठवडे लागतात. टाकी रविवारी आणून त्याच संध्याकाळी मासे सोडले आणि आठवड्याभरात एकेक मासा दगावू लागला, की घरातील मंडळी ‘रोग आला’ म्हणतात. प्रत्यक्षात अशा वेळी बहुधा रोग नसतोच, अमोनियाची विषबाधा असते. कल्ले लालसर होणे, मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकणे, पर अंगाशी मिटून तळाशी बसून राहणे ही तिची लक्षणे आहेत. ती कल्ल्यांच्या परजीवींच्या लक्षणांशी इतकी मिळतीजुळती असतात, की नुसत्या डोळ्यांनी फरक करता येत नाही.

म्हणून थेंब घालून पाणी तपासण्याची संच-पेटी ही औषधाच्या बाटलीआधी घेण्याची वस्तू आहे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असले पाहिजेत. नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये, २० च्या आत राहिले तर उत्तम. अमोनियाचा आकडा वाचताना सामूही (पीएच) पाहावा, कारण विषारी असतो तो मुक्त अमोनिया, आणि त्याचे प्रमाण सामू व तापमान यांबरोबर वाढते. २५ अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियातील अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग मुक्त असतो, तर सामू ८ असताना तो ५ टक्क्यांच्या वर जातो. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी वापरणाऱ्या घरात तोच अमोनिया नळाच्या मृदू पाण्यापेक्षा कितीतरी अधिक घातक ठरतो, त्याचे कारण हे.

अमोनिया किंवा नायट्राइट आढळल्यास पहिला उपचार म्हणजे ३० ते ४० टक्के पाणी बदलणे, खाद्य दोन-तीन दिवस बंद ठेवणे आणि हवेचा पुरवठा वाढवणे. प्रौढ निरोगी माशाला काही दिवसांच्या उपवासाने काहीही होत नाही. घरातील आजी-आजोबांना मात्र हे पटवून द्यावे लागते. नायट्राइट वाढला असेल, तर लिटरला अर्धा ते एक ग्रॅम मीठ घालावे. नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनला निकामी करतो आणि मासा भरपूर हवेच्या पाण्यातही गुदमरतो. मिठातील क्लोराइड कल्ल्यांमधून होणारे नायट्राइटचे शोषण रोखते.

बदलण्याचे पाणी टाकीतील पाण्याच्या तापमानाचे आणि क्लोरीनमुक्त असावे. पावसाळ्यात गढूळ पाणी शुद्ध करताना क्लोरीनची मात्रा वाढवली जाते, तेव्हा बादली नाकाजवळ नेली तरी वास जाणवतो. एक दिवस उघड्या बादलीत, शक्यतो एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावून ठेवलेले पाणी बहुतेक वेळा पुरेसे ठरते. घाई असल्यास हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट वापरावे. दहा ग्रॅम स्फटिक पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण करावे आणि २० लिटरच्या बादलीस त्याचे २ मिलिलिटर घालून ढवळावे. नेहमीच्या नळाच्या पाण्याला एवढे पुरते. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्यावा, म्हणजे त्यातील जिवाणू टिकून राहतात.

हवामान, वीज आणि खाद्य

डिसेंबर-जानेवारीत नाशिक-पुण्याकडे रात्रीचा पारा उतरतो आणि हीटर नसलेल्या टाकीचे पाणी पहाटेपर्यंत पाच-सहा अंशांनी थंड होऊ शकते. या चढउताराने माशाची प्रतिकारशक्ती खचते आणि पांढऱ्या ठिपक्यांचा आजार डोके वर काढतो. लिटरला साधारण एक वॅट या हिशेबाने हीटर घ्यावा आणि त्याच्या आकड्यावर विसंबून न राहता वेगळा तापमापक लावावा. विदर्भातील उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो (२५ अंशांना लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६), आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. अशा दिवसांत टाकीचे झाकण काढून जाळी बसवावी, दिवे कमी वेळ लावावेत, खाद्य निम्मे करावे आणि एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. वीज वारंवार जाणाऱ्या गावी बॅटरीवरचा एअर पंप ही चैन नव्हे. बंद पडलेल्या बाहेरच्या फिल्टरमधील जिवाणू काही तासांत प्राणवायूअभावी मरू लागतात आणि वीज परतल्यावर तेच कुजलेले पाणी टाकीत येते.

खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. नाल्यांतून गोळा केलेले जिवंत ट्युबिफेक्स कृमी स्वस्त मिळतात आणि मासे त्यांवर तुटून पडतात, पण रोगजंतू आणि परजीवी टाकीत आणण्याचा तो एक सोपा मार्ग आहे. गोठवलेल्या अळ्या किंवा चांगल्या प्रतीचे दाणेदार खाद्य त्याहून बरे.

नवा मासा वेगळा ठेवणे

मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात दिसणारा मासा अनेकदा चेन्नईच्या कोलातूरमधून किंवा पश्चिम बंगालमधील तलावांतून, प्राणवायू भरलेल्या पिशवीत लांबचा प्रवास करून आलेला असतो. उपासमार, गर्दी, तापमानातील बदल आणि दुकानातील सामाईक पाणी एवढे सारे सोसून तो आपल्या घरी येतो. त्याला थेट मुख्य टाकीत सोडणे हे घरगुती मत्स्यपालनातील बहुतेक साथींचे मूळ आहे, असे माझे मत आहे. आणि ज्यावर खर्च सर्वांत कमी, तीच खबरदारी सर्वाधिक टाळली जाते.

विलगीकरणासाठी ३० ते ४० लिटरची साधी टाकी, एक स्पंज फिल्टर, हीटर आणि लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरेसा असतो. तळाशी वाळू घालू नये, म्हणजे विष्ठा दिसते आणि सायफन करणे, म्हणजे नळीने तळाची घाण पाण्यासह ओढून काढणे, सोपे जाते. स्पंज एरवी मुख्य टाकीतच ठेवून द्यावा, म्हणजे गरज पडेल तेव्हा तो जिवाणूंसह तयार मिळतो. मासा तीन ते चार आठवडे वेगळा ठेवावा आणि या टाकीची जाळी, नळी, बादली मुख्य टाकीसाठी वापरू नये. दुकानातील पिशवीचे पाणी कोणत्याही टाकीत ओतू नये. खरेदी करताना एकाच माशाकडे न पाहता त्याच्या सोबत्यांकडे पाहावे. त्या टाकीत एकही मेलेला किंवा अंग घासणारा मासा दिसला, तर त्या दिवशी तेथून काहीही घेऊ नये.

पांढरे ठिपके

हा आजार सर्वांत जास्त आढळतो आणि वेळेत ओळखल्यास हमखास बरा होतो, म्हणून त्याकडे सविस्तर पाहणे योग्य ठरेल. तो इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस या एकपेशीय परजीवीमुळे होतो. परांवर आणि अंगावर मिठाच्या कणांएवढे, सुटे, उठावदार पांढरे दाणे दिसतात. त्याआधी एक-दोन दिवस मासा दगडावर किंवा वाळूवर अंग घासू लागतो. गोल्डफिशच्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर विणीच्या काळात असेच पांढरे दाणे येतात. तो आजार नव्हे.

आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली वाढणारा परजीवी. तेथे कोणतेही औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. २५ अंशांच्या आसपास तो काही दिवसांत पूर्ण वाढून मासा सोडतो, तळाशी जाऊन स्वतःभोवती कवच तयार करतो आणि साधारण एका दिवसात आतल्या आत विभागून शेकडो पिलांना जन्म देतो. कवचातही तो सुरक्षितच असतो. बाहेर पडलेली पोहणारी पिले मात्र दोन दिवसांच्या आत मासा न सापडल्यास मरतात, आणि औषध लागू पडते ते याच अवस्थेत. त्यामुळे औषधाचा एक डोस देऊन भागत नाही. ठिपके तिसऱ्या-चौथ्या दिवशी गळून पडले म्हणून उपचार थांबवणारा मनुष्य ठिपके तळाशी जाऊन वाढत असतानाच थांबतो, आणि आठवड्याने आजार दसपट होऊन परततो.

उपचाराची पद्धत अशी. प्रथम एक तृतीयांश पाणी बदलावे आणि तळ सायफनने स्वच्छ करावा; हे सायफन उपचार संपेपर्यंत रोज करावे, कारण कवचे तळाशीच असतात. तापमान दिवसाला दोन-तीन अंशांच्या गतीने २९ ते ३० अंशांपर्यंत वाढवावे. उष्णतेने परजीवीचे जीवनचक्र वेगाने फिरते आणि ३० अंशांना त्याच्या अनेक वाणांची वाढच खुंटते. मात्र वर सांगितल्याप्रमाणे प्राणवायू कमी होत असल्याने एअर स्टोन वाढवणे अनिवार्य आहे. सोबत लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात साधे खडे मीठ, आधी मगभर पाण्यात विरघळवून, तीन हप्त्यांत दीड दिवसात घालावे. पुढे पाणी बदलताना काढलेल्या पाण्याच्या हिशेबानेच मीठ पुन्हा घालावे. मीठ बाष्पीभवनाने उडून जात नाही. मॉली-गप्पींना एवढे मीठ मानवते, तर कोरीडोरास, लोच या तळाशी वावरणाऱ्या माशांना आणि बहुतेक पाणवनस्पतींना ते सोसत नाही. अशा टाकीत मीठ निम्मे करावे किंवा उष्णतेवर भर द्यावा. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही किमान चार दिवस उपचार चालू ठेवावा. एकूण दहा ते चौदा दिवस धरून चालावे.

आजार बळावलेला असल्यास मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मलिन (फॉर्माल्डिहाइडचे द्रावण) यांचे तयार मिश्रण हा परिणामकारक पर्याय आहे. वेष्टनावरील मात्रा ओलांडू नये. खवले नसलेले मासे, लोच आणि लहान टेट्रा यांना निम्मी मात्रा द्यावी. फिल्टरमध्ये कोळसा असल्यास तो आधी काढावा, नाही तर औषध तोच शोषून घेतो. फॉर्मलिन पाण्यातील प्राणवायू कमी करते, म्हणून गरम पाण्यात ते वापरताना विशेष सावध राहावे. फॉर्मलिनच्या बाटलीत पांढरा साका दिसत असेल, तर ती टाकून द्यावी, कारण तो साका माशांना अत्यंत विषारी असतो. मॅलाकाइट ग्रीन हाताळताना हातमोजे घालावेत. खाण्याच्या माशांसाठी ते वापरण्यास बंदी आहे, ती त्याच्या आरोग्यविषयक धोक्यांमुळे. बऱ्या झालेल्या माशांमध्ये काही प्रमाणात प्रतिकारशक्ती निर्माण होते. जुने मासे ठणठणीत आणि त्याच टाकीत सोडलेला नवा मासा ठिपक्यांनी भरलेला, हे कोडे त्यातून सुटते.

ठिपक्यांऐवजी अंगावर पिठासारखी बारीक, सोनेरी-गंजकट भुकटी दिसली, तर तो मखमली रोग समजावा. तो अंधारात बॅटरीचा झोत तिरपा टाकल्यावर चांगला दिसतो. याचा परजीवी काही प्रमाणात प्रकाशावर जगतो, म्हणून टाकी झाकून अंधार करावा आणि तांबेयुक्त औषध वापरावे. तांबे कोळंबी आणि गोगलगायींना मारते आणि मृदू पाण्यात माशांनाही लवकर बाधते.

कापूस, कुजलेले पर आणि फुगलेले पोट

माशाच्या अंगावर कापूस दिसला, की ‘बुरशी’ म्हणून उपचार सुरू होतात आणि येथेच सर्वांत घातक गफलत होते. खरी बुरशी जखमेवर किंवा मृत अंड्यांवर उगवते, तिचे धागे लांब आणि मोकळे असतात, आणि ती सावकाश वाढते. तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा पसरलेला, आखूड, करडा-पिवळसर थर मात्र बहुधा कॉलम्नॅरिस या जिवाणूजन्य रोगाचा असतो. तो उष्ण पाण्यात झपाट्याने वाढतो आणि तीव्र स्वरूपात एक-दोन दिवसांत अख्खी टाकी रिकामी करू शकतो. पांढऱ्या ठिपक्यांना मदत करणारी उष्णता येथे माशाचा जीव घेते. तापमान हळूहळू २४ अंशांपर्यंत खाली आणावे, मासा वेगळा करावा आणि तातडीने जाणकाराचा सल्ला घ्यावा.

पर कडेने पांढरे पडून झिजणे हा बहुतेक वेळा घाण पाण्याचा किंवा टोचणाऱ्या सोबत्यांचा परिणाम असतो. आठवडाभर एक दिवसाआड चतुर्थांश पाणी बदलले आणि दांडगट मासा वेगळा केला, तर औषधाविनाच पर पुन्हा वाढू लागतात. झीज परांच्या मुळापर्यंत पोहोचली किंवा कडा लाल झाली, तरच प्रतिजैविकाचा विचार करावा. दुकानातील टेट्रासायक्लिनची कॅप्सूल टाकीत फोडून टाकण्याची पद्धत निरर्थक आहे: कठीण पाण्यातील कॅल्शियम हे औषध बांधून टाकते, प्रकाशाने ते लवकर विघटित होते आणि उरलेल्या तुटपुंज्या मात्रेने जिवाणू मरण्याऐवजी निर्ढावतात. प्रतिजैविक खाद्यातून आणि पशुवैद्यकाच्या सांगण्यावरूनच द्यावे. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था किंवा रत्नागिरी आणि नागपूर येथील मत्स्य महाविद्यालये यांतून शिकलेली माणसे आज अनेक शहरांत आहेत. सर्वसाधारण पशुवैद्यकाला माशांचा अनुभव नसल्यास त्यांच्याकडे विचारणा करावी.

पोट फुगून सारे खवले देवदाराच्या फळासारखे उभे राहिले, तर तो स्वतंत्र रोग नसून मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे चिन्ह आहे. मासा वेगळा करून पाणी निर्मळ ठेवावे. बरे होण्याची आशा मात्र फार धरू नये. नुसते पोट फुगले आहे, खवले सपाट आहेत आणि मासा तिरपा तरंगतो आहे, असे असेल, तर तीन दिवस उपवास घडवून मग सोललेला, उकडलेला वाटाणा द्यावा.

जंत आणि डोळ्यांना दिसणारे परजीवी

गप्पी किंवा मॉलीच्या गुदद्वारातून बारीक लाल धागे बाहेर आलेले दिसणे हे कॅमालॅनस जंतांचे निश्चित लक्षण आहे. त्यावर लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइड लिटरला २ मिलिग्रॅम या मात्रेने, टाकी अंधारात ठेवून, २४ तास द्यावे, नंतर तळ सायफन करून निम्मे पाणी बदलावे आणि तीन आठवड्यांनी हाच क्रम पुन्हा करावा. पांढरी, दोऱ्यासारखी लोंबणारी विष्ठा आणि खंगत जाणारे शरीर एंजल किंवा डिस्कसमध्ये दिसल्यास आतड्यातील एकपेशीय परजीवींची शंका घ्यावी. त्यावर मेट्रोनिडाझोल खाद्यात मिसळून देतात. तलावातून आलेल्या माशांवर कधी काडीसारखा नांगरकृमी किंवा चपटी, गोल मासेऊ (माशांवरची ऊ) आढळते. ती चिमट्याने मुळाशी धरून अलगद काढावी आणि जखमेकडे लक्ष ठेवावे, कारण खरी बुरशी तेथेच धरते.

मात्रा, हात आणि शेवटचा उपाय

कोणतीही मात्रा लिटरवर ठरते आणि टाक्या विकल्या जातात फुटांवर. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १००० ने भागावे. ६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या टाकीची क्षमता ५४ लिटर असली, तरी वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वगळता पाणी साधारण ४५ लिटर भरते; ५४ चा हिशेब धरल्यास औषध वीस टक्के जास्त पडते. एकाच वेळी दोन औषधे मिसळू नयेत.

सायफन तोंडाने ओढून सुरू करण्याची सवय अनेक घरांत आहे, ती सोडावी. माशांमधील क्षयसदृश आजाराचा जिवाणू, मायकोबॅक्टेरियम मॅरिनम, हातावरील जखमेतून माणसालाही बाधतो आणि त्याच्या गाठी बऱ्या होण्यास कित्येक महिने लागतात. हाताला कापलेले असताना हातमोज्याशिवाय टाकीत हात घालू नये. टाकीचे काम करणाऱ्याच्या हातावरची गाठ बरी होत नसेल, तर डॉक्टरांना टाकीबद्दल आवर्जून सांगावे.

बरा न होणारा मासा तडफडत ठेवण्यापेक्षा त्याला वेदनेविना मरण द्यावे. लवंगेचे तेल थोड्या कोमट पाण्यात बाटलीत जोराने हलवून पांढरे मिश्रण करावे आणि टाकीचे पाणी घेतलेल्या भांड्यात ते थोडे थोडे घालावे. मासा निपचित झाल्यावर तेलाची एकूण मात्रा लिटरला अर्धा मिलिलिटरपर्यंत न्यावी आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही अर्धा तास मासा त्यातच राहू द्यावा. मृत मासा कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकावा किंवा पुरावा. आजारी असो वा नकोसा झालेला असो, जिवंत मासा नदीत किंवा तलावात सोडू नये. टाक्यांतून सुटलेल्या सकर माशाने भारतातील अनेक जलाशयांत ठाण मांडले आहे. साथीनंतर जाळ्या आणि नळ्या ब्लीचच्या सौम्य द्रावणात बुडवून, हायपोच्या पाण्यातून काढून, कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात आणि मगच पुन्हा वापरात घ्याव्यात.